शिवसागराला पहिल्यांदा जाताय? कोयना जलाशयाची दोन टोकं आणि मधलं जंगल

मोबाइलच्या नकाशात ‘कोयना धरण’ टाकलं की तो तुम्हाला बिनचूक कोयनानगरला नेऊन सोडतो. अडचण त्यानंतर सुरू होते. वासोटा किल्ल्याकडे जाणारी होडी तिथून सुटत नाही, तापोळा तिथून दिसत नाही आणि धरणाच्या भिंतीवर कोणी जाऊ देत नाही. शिवसागर हे एक ठिकाण नाही. डोंगरांच्या दोन रांगांमध्ये उत्तर-दक्षिण पसरलेलं सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचं पाणी आहे. त्याची दोन टोकं वेगळ्या रस्त्यांनी गाठावी लागतात आणि मध्ये वाघांसाठी राखलेलं जंगल आहे. म्हणून तयारी पुढच्या क्रमानेच करा.

१. आधी टोक ठरवा

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळून कराडला कृष्णेत मिळते. धरण या वळणाच्या अलीकडे बांधलंय. त्यामुळे भिंत दक्षिणेला पाटण तालुक्यात, तर पाण्याची शेपूट उत्तरेला जावळी-महाबळेश्वरच्या बाजूला.

वासोटा, होडी, कांदाटी खोरं यासाठी उत्तरेला जायचं. सातारा, यवतेश्वर, कास, बामणोली असा रस्ता आहे. साताऱ्याहून पस्तीस-चाळीस किलोमीटर. तापोळ्याला महाबळेश्वरहून उतरणं सोपं. तो घाट अरुंद आहे, वळणं जवळजवळ आहेत, आणि पावसात दरड आली की रस्ता बंद होतो.

धरण, नेहरू उद्यान, ओझर्डे धबधबा, नवजा यासाठी दक्षिणेला. कराडहून पाटणमार्गे किंवा चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून.

एका दिवसात दोन्ही टोकं उरकायचा बेत करू नका. नकाशावर पाण्याच्या कडेने सरळ रेघ मारता येते, पण काठाकाठाने जाणारा रस्ता नाही. कोयनानगरहून बामणोलीला पोहोचायचं तर पाटण, उंब्रज, सातारा असा वळसा पडतो. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आणि घाट-गर्दी धरून चार तास. पहाटे कोयनानगरहून निघून सकाळची होडी पकडू म्हणणारे हमखास बामणोलीला दुपारी पोहोचतात, आणि तोवर वासोट्याला सोडण्याची वेळ टळलेली असते. मुक्काम सातारा, कास किंवा बामणोली परिसरातच ठेवा.

२. पाणी कुठे जातं ते समजून घ्या

हा भाग वगळून थेट सामानाच्या यादीवर जाऊ नका. जलाशय कधी भरतो, कधी उतरतो, कुठे मनाई आहे आणि का, या सगळ्याची उत्तरं इथेच आहेत.

बहुतेक धरणांचं पाणी नदी जिकडे वाहते तिकडेच सोडतात. कोयनेचं मोठं पाणी उलट्या दिशेला जातं. नदी पूर्ववाहिनी, पण जलाशयाच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा तुटून कोकणात उतरतो. डोंगरातून बोगदा काढून पाणी त्या कड्यापलीकडे नेलं, तर पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंचीचा फरक मिळतो. धरणाच्या पायथ्याशी तेच पाणी सोडलं तर शंभर मीटरही मिळत नाही. उंची जास्त तर वीज जास्त, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

नवज्याजवळ पाणी आत घेतलं जातं. तिथून बोगदा, पुढे सर्ज वेल म्हणजे उभी विहीर, मग कड्याच्या पोटातून जवळजवळ उभे उतरणारे दाबनळ आणि तळाशी पोफळीचं भूमिगत वीजगृह. झडप अचानक बंद झाली तर बोगद्यातलं धावतं पाणी मागे उसळतं. त्या उसळीला चढायला जागा हवी, म्हणून सर्ज वेल. वीज तयार झाल्यावर सुटलेलं पाणी कोळकेवाडी धरणात अडवतात, अलोरेच्या वीजगृहात पुन्हा वापरतात, आणि शेवटी ते वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला जातं. चिपळूणकडचे लोक याला अवजल म्हणतात.

कोयना वीज प्रकल्पाचे टप्पे असे: पहिला आणि दुसरा मिळून ६०० मेगावॉट, तिसरा अलोरेचा ३२०, चौथा १०००, धरण पायथ्याचा ४०. एकूण १,९६० मेगावॉट. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशय रिकामा न करता तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवला. हेच लेक टॅपिंग. २५ एप्रिल २०१२ ला तसंच दुसरं केलं. त्यामुळे पाणी आणखी खाली उतरलं तरी ते वीजनिर्मितीसाठी घेता येऊ लागलं. भर उन्हाळ्यात जलाशय इतका खोल का जातो, याचं एक कारण हे.

पश्चिमेला मनाला येईल तेवढं पाणी वळवता येत नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (हे माप पुढच्या भागात समजावलंय) मर्यादा घातली आहे, आणि हे वर्ष १ जून ते ३१ मे असं मोजतात. पूर्वेकडे पायथा वीजगृहातून सुटणारं पाणी कृष्णेत जाऊन टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांना मिळतं. म्हणजे मार्च ते मे या काळात पाणी दोन्ही बाजूंनी उपसलं जात असतं.

३. रोजचा आकडा वाचायला शिका

पावसाळ्यात धरणाची आकडेवारी रोज बातम्यांत येते. पातळी फुटांत, साठा टीएमसीत, आवक-विसर्ग क्युसेकमध्ये. नवख्यांना आकडे दिसतात, अर्थ लागत नाही.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. दोन्हींना जोडणारा एकच आकडा पाठ करा: साडेअकरा हजार क्युसेक चोवीस तास चालले की एक टीएमसी.

आता वापरून पाहा. धरणाची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी. समजा आज साठा ९० आहे आणि आवक ४६ हजार क्युसेक. म्हणजे दिवसाला चार टीएमसी येतायत आणि जागा उरलीय सव्वापंधरा टीएमसीची. चार दिवसांत धरण काठोकाठ. प्रत्यक्षात चार दिवस थांबत नाहीत, कारण कोणत्या तारखेला किती पाणी ठेवायचं याची परिचालन सूची असते. जागा राखायला दरवाजे त्याआधीच उचलले जातात.

‘पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक’ असं वाचलं तर घाबरू नका. तिथली २० मेगावॉटची दोन युनिटं चालू आहेत, प्रत्येकाचं पाणी १,०५० क्युसेक, एवढाच त्याचा अर्थ. दिवसभरात ०.१८ टीएमसी. सहा वक्र दरवाजे काही फूट उचलले, विसर्ग दहा हजारांच्या पुढे गेला, की मात्र खालच्या पुलांची चौकशी केल्याशिवाय निघू नका. पाटणजवळचा मुळगाव पूल अशा वेळी पाण्याखाली जातो.

आणखी एक फसगत. एकूण साठा आणि उपयुक्त साठा वेगळे. तळाचं सुमारे पाच टीएमसी पाणी मृत साठ्यात धरतात. एका बातमीत एक आकडा आणि दुसरीत पाचने कमी दिसला, तर बहुधा कोणी चुकलेलं नसतं.

पावसाचे तीन आकडेही सोबत असतात: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. तिन्ही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरचा पाऊस नवलाचा नाही. फक्त कोयनानगरचा आकडा पाहून बेत ठरवू नका. नवज्याला आणि महाबळेश्वरला धो धो असेल तर आवक वाढणारच.

४. महिना निवडा

जून ते सप्टेंबर: दक्षिण टोक. ओझर्डे धबधबा, धुकं, दरवाज्यांतून पाणी सुटलं असेल तर ते लांबून पाहणं. वासोट्याची वाट या काळात बंद असते आणि ती बंदी योग्यच आहे, कारण वाटेतला ओढा तासाभरात ओलांडता न येण्याइतका फुगतो.

ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर: उत्तर टोकासाठी सगळ्यात चांगले दिवस. जलाशय भरलेला असल्याने होडी वाटेच्या तोंडाशी लागते, ओढ्यात पाणी असतं, जंगल हिरवं असतं. सुरुवातीच्या काही दिवसांत ओलाव्यामुळे जळवा मिळतील. सप्टेंबर-ऑक्टोबरात कास पठाराला बहर असतो आणि पठाराची नोंदणी ऑनलाइन करावी लागते. तुम्हाला पठार पाहायचं नसलं तरी शनिवार-रविवारी तुमची गाडी त्याच गर्दीत अडकणार.

जानेवारी-फेब्रुवारी: पहाटे थंडी कडक, दिवसभर चाल सुखाची.

मार्चनंतर: पाणी उतरतं, तसा धक्का मागे सरकत जातो. होडीपर्यंत आणि पलीकडे उतरल्यावर वाटेपर्यंत उघड्या, तापलेल्या पात्रातून चालावं लागतं. वरून सुकलेली दिसणारी माती आत ओली असते आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो. पायवाट सोडून जवळचा रस्ता काढायला जाल तर इथेच अडकाल.

५. कागदपत्रं आणि सामान

वासोट्यासाठी कागदपत्रं:
– प्रत्येकाच्या ओळखपत्राची छायाप्रत, मूळ ओळखपत्र सोबत
– गटातल्या सगळ्यांची यादी, दोन प्रतींत: नाव, वय, गाव, मोबाइल, घरच्या माणसाचा क्रमांक
– गाडीचा क्रमांक लिहिलेला कागद
– रोख रक्कम. वनखात्याचं शुल्क, होडी, वाटाड्या, गाडी लावण्याचे पैसे, सगळं रोख धरून चला. रेंज गेली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत

सामान: माणशी तीन लिटर पाणी, कोरडा खाऊ, दुपारचं जेवण, पकड चांगली असलेले बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टॉर्च, प्रथमोपचार, मीठ किंवा तंबाखूची पुरचुंडी (जळवांसाठी). स्टीलच्या किंवा टिकाऊ बाटल्या न्या. वनखात्याच्या नाक्यावर प्लास्टिकच्या वस्तू मोजून घेतात, परत येताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात.

आणू नये ते: ड्रोन, दारू, स्पीकर, तंबू. अभयारण्याच्या हद्दीत मुक्कामाला परवानगी नाही, शेकोटीचा तर प्रश्नच नाही. इंधन आणि रोकड साताऱ्यातच घ्या, पुढे भरवसा नाही.

६. बामणोली ते वासोटा: दिवस असा लावा

सकाळी सात-साडेसातला बामणोलीत असा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी वनखात्याची परवानगी, मग होडी. उलटं केलंत तर होडीवाल्याशी बोलणं होऊनही तुम्ही परवान्याच्या रांगेत उभे राहाल आणि तुमची होडी दुसरा गट घेऊन निघून जाईल. बंद असलेले दिवस आणि परतीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा. वणव्याच्या काळात नियम बदलतात.

होडीचं भाडं माणशी नसून अख्ख्या होडीचं असतं आणि बोट क्लबचे दर ठरलेले असतात. दहा-बारा जणांचा गट असेल तर परवडतं. तिघे-चौघेच असाल तर रांगेतच दुसऱ्या लहान गटाशी बोला आणि एकत्र होडी करा. मात्र दोन्ही गटांची परतीची वेळ एक ठरवून घ्या. एक गट नागेश्वरच्या गुहेतल्या देवळाला आणि दुसरा फक्त वासोट्याला गेला की संध्याकाळी धक्क्यावर भांडण ठरलेलं.

लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बंद लावून घाला. मांडीखाली घेऊन बसण्यासाठी ते नाही. सकाळी पाणी शांत असतं, दुपारनंतर वारा सुटला की मोकळ्या भागात लाटा उठतात. होडीत उभं राहून फोटो काढायची हौस परतीच्या वेळी तरी आवरा.

तास-दीड तासात मेट इंदवलीला उतरता. नाक्यावर नोंद झाली की चाल सुरू. पाणी भरलेलं असताना जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून ६५९ मीटरच्या आसपास असते आणि वासोट्याचा माथा ११७१ मीटर, म्हणजे चढ पाचशे मीटरचा. सरावाच्या माणसाला दोन तास, नवख्यांच्या गटाला तीन. सुरुवातीला ओढा लागतो. बाटल्या तिथे भरून घ्या, पुढच्या चढावर पाण्याचा भरवसा धरू नका. ओढ्यानंतर वाट दाट झाडीतून सरळ चढते, सावली असते पण हवा हलत नाही, आणि घाम अपेक्षेपेक्षा जास्त निघतो. वर नागेश्वर आणि वासोटा असे फाटे फुटतात.

एका दिवसात दोन्ही करायचे तर गट सगळा पायाने तयार हवा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नुसता वासोटा करावा. माथ्यावर मारुती, महादेवाचं मंदिर, पाण्याचं टाकं आणि कोकणाकडे तुटणारा बाबू कडा आहे. कड्यावर कठडा नाही, वारा मागून ढकलतो, गवत निसरडं असतं; फोटो काढणाऱ्याने आणि काढून घेणाऱ्याने दोघांनीही काठापासून लांब थांबावं. समोरच्या जुन्या वासोट्याकडे वाट शोधत जाऊ नका, ती झाडीत हरवलेली आहे.

हा भाग कोयना अभयारण्यात येतो. १९८५ साली ते जाहीर झालं, २०१० मध्ये चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेलं. वाघ दिसण्याची आशा ठेवू नका, गवा आणि अस्वल यांची काळजी मात्र घ्या. गवा वाटेत उभा असेल तर थांबा, मागे सरका, त्याला जाऊ द्या. अस्वलाला अचानक समोर आलेलं माणूस खपत नाही, म्हणून एकट्याने पुढे धावू नका. गटाने, साध्या आवाजात बोलत चाला.

दीड वाजता माथा सुटला पाहिजे. कुणी मागे राहिलं असेल आणि माथा गाठला नसेल तरी. होडीवाला अंधारात पाण्यावर यायला तयार होत नाही आणि वनखातंही राहू देत नाही.

जलाशयात पोहायला उतरू नका. हे तळं नाही, बुडालेली दरी आहे. काठापासून चार पावलांवर डोंगरउतार संपून खोली सुरू होते, तळाला गाळ आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत. ज्यांना पाण्यात खेळायचं आहे त्यांनी मुनावळ्याच्या जलक्रीडा केंद्रात जावं.

७. कोयनानगरला काय दिसतं, काय नाही

धरणाची भिंत १०३ मीटर उंच आणि ८०७ मीटर लांब. ती लांबूनच पाहायची. भिंतीवर, दरवाज्यांपाशी आणि लगतच्या पाण्यात प्रवेश नाही, आणि सुरक्षारक्षकाशी वाद घालून काही उपयोग नाही. मनाईची पाटी असेल तिथे कॅमेरा बाहेरही काढू नका. वीजगृहं फिरायला जाण्याची ठिकाणं नाहीत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा गट असेल तर महाविद्यालयाच्या पत्राने, नावांच्या यादीसह, बरेच आधी अर्ज करून विचारणा करावी. दारात जाऊन विनंती करणाऱ्यांना परतच यावं लागतं.

नेहरू उद्यान पाहायला तास पुरतो. ओझर्डे धबधबा नवज्याच्या रस्त्याला आहे. पावसात वर ढगफुटीसारखी सर आली तर धबधब्याचं पाणी रंग बदलतं, मातकट होतं. रंग बदलला की लगेच पात्राबाहेर या.

वाटेतल्या गावांत ‘धरणग्रस्त’ हा विषय निघाला तर ऐकून घ्या. इथली कित्येक गावं पाण्याखाली गेली, माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीपर्यंत पांगली आणि पुनर्वसनाची भांडणं अजून मिटलेली नाहीत. पर्यटकाने त्यावर मत ठोकायची घाई करू नये.

८. कुंभार्ली घाटातून उतरायचं असेल तर

दिवसा उतरा. धुकं दाट असतं, अवजड गाड्या भरपूर, पावसात दरडी. पायथ्याला पोफळी, पुढे अलोरे आणि चिपळूण. कोळकेवाडीचं पाणी आणि वाशिष्ठीचं पात्र यांत वीजगृह चालू होईल तशी पातळी बदलते. मागणी सकाळ-संध्याकाळ वाढते, म्हणून दुपारी कोरडा दिसणारा खडक संध्याकाळी पाण्यात असू शकतो. पात्रात उतरून डबा खायला बसू नका.

९. जमीन हलली तर

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, धरणाच्या भिंतीला तडे पडले. त्यानंतर भिंतीचं मजबुतीकरण झालं. जलाशयातल्या पाण्याच्या चढउताराशी जोडलेल्या भूकंपांचं हे जगभर अभ्यासलं जाणारं क्षेत्र आहे, आणि लहान धक्के इथे अजूनही बसतात. भांडी वाजतात, पत्रे खडखडतात, गावकरी पुन्हा झोपतात.

तुम्ही खोलीत असाल तर जड कपाट आणि काचेपासून दूर, टेबलाखाली किंवा भिंतीच्या आतल्या कोपऱ्याला बसा. हलणं थांबल्यावर बाहेर मोकळ्यावर या. कौलारू किंवा दगडी जुन्या घरात मुक्काम असेल तर झोपण्यापूर्वी दाराची वाट मोकळी ठेवा. कड्याखाली किंवा घाटात असाल तर वरून दगड सुटतात का ते पाहा आणि उघड्या जागी सरका. धक्क्यानंतर ‘धरण फुटलं’ असे संदेश फिरवले जातात; ते पुढे पाठवू नका, पाटणचं तहसील कार्यालय किंवा साताऱ्याचा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष काय सांगतो तेवढंच धरा. नदीकाठी असताना भोंगा ऐकू आला तर तो बहुतेक वेळा दरवाजे उचलण्याचा इशारा असतो. कारण विचारत बसू नका, आधी काठ सोडून वर चढा.